झांबियासाठी वैजापूरचा दाखला

छत्रपती संभाजीनगर,
७ ऑगस्ट, गुरुवार

तीर्थस्वरूप वच्छलाआत्यास,

सदाशिवाचा साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्यामुळे आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत, राहिलेलं एक जमा धरावं. गुडघ्याची हकिकत पुढे येईल.)

पत्राच्या आरंभी तुझ्या प्रकृतीची चौकशी करावी असा शिरस्ता आहे, पण त्याआधी मला एक तक्रार नोंदवायची आहे. ती नोंदवल्याशिवाय माझ्याच प्रकृतीला आराम पडायचा नाही. मागच्या आठवड्यात तू वैजापूरच्या एसटीतून कंडक्टरच्या हाती सांडग्यांचा डबा पाठवलास. डबा पोचला, सांडगे अभंग आहेत, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते डब्यावरच्या चिठ्ठीविषयी. तिच्यावर तू ठळक अक्षरांत लिहिलंस, 'सदू'. आडनाव नाही, हुद्दा नाही, आणि 'श्री' तर नाहीच. मी पंचावन्न वर्षांचा गृहस्थ आहे. एकतीस वर्षं संस्कृत शिकवून स्वेच्छानिवृत्त झालो आहे, आणि अर्ध्या शहरातले डॉक्टर-वकील मला पाहून अजून सिगरेट लपवतात. अशा माणसाच्या नावानं बसस्थानकावर कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "सदू कोणंय? ओ, सदूचा डबा!" माझ्या शेजारी नेमकी माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी, आता सेशन कोर्टात वकील आहे. मी दोन मिनिटं छताकडे बघत उभा राहिलो. शेवटी कंडक्टर डबा परत गाडीत ठेवायला लागला तेव्हा माझा धीर सुटला. डबा घेतला. वकीलबाई म्हणाल्या, "सर, सदू तुम्ही होय?" मी म्हटलं, एका विशिष्ट शाखेत तसं म्हणतात. तर यापुढे चिठ्ठीवर निदान तीन अक्षरं वाढवावीत, ही विनंती.

आता प्रकृती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला उजव्या डोळ्यानं लखलखीत दिसायला लागलं आणि त्यामुळे सूनबाईच्या ओट्यावरचे डागही दिसायला लागले, असं सुदर्शनदादा फोनवर दबक्या आवाजात सांगत होता. डाव्या डोळ्याची घाई करू नये असं त्याचं मत आहे. (आईच्या डोळ्यांबद्दल मुलाचं असं मत असावं हे मला योग्य वाटत नाही, मी केवळ निरोप्या आहे.) कानांचं म्हणशील तर फोनवर तू माझं एकही वाक्य ऐकत नाहीस आणि आपलंच सांगून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्र मध्ये तोडता येत नाही हा त्याचा मोठा गुण.

मुख्य वार्ता अशी की उमा आणि मी परदेशी निघालो आहोत. म्हणजे निघणार आहोत. म्हणजे निघावं असा आमचा पक्का निश्चय आहे आणि एका कागदावाचून अडलं आहे. ही बातमी वैजापुरात माझ्याआधी पोचली असणार, आणि मला कळलं त्याप्रमाणे तीन रूपांत पोचली आहे. सदूला आफ्रिकेत नोकरी लागली. सदू आणि उमा या वयात मूल दत्तक घेताहेत. आणि सदूनं संन्यास घेतला. (संन्याशाला बायकोसकट विमानाचं तिकीट लागत नाही, एवढा तरी विचार करायला हवा होता.) तिन्ही चूक. खरं ते असं. झांबिया नावाचा एक देश आहे. आफ्रिकेच्या खालच्या अंगाला; समुद्र कुठूनच लागत नाही, त्या बाबतीत आपल्या मराठवाड्यासारखाच. तिथं एका गावाबाहेर बारा घरांची वसाहत आहे. ज्यांचे आईबाप वारले, किंवा फार आजारी आहेत, किंवा पोरांना सांभाळायच्या स्थितीत नाहीत, अशी मुलं तिथं राहतात. पण वसतिगृहात राहतात तशी ओळीनं नव्हे. एकेका घरात तीन-चार मुलं आणि त्यांच्यासोबत एक जोडपं. जोडप्यानं बिनपगारी यायचं आणि दोन वर्षं त्या मुलांचे आईबाप म्हणून राहायचं. संस्था घर आणि शिधा देते. दरम्यान संस्थेची माणसं मुलांच्या नात्यागोत्यात फिरतात, एखादी मावशी, एखादा काका तयार होतो, आणि मुलं आपल्या माणसांत परत जातात. ती तशी जावीत याचसाठी हा सगळा खटाटोप.

या कामाला आपल्या भाषेत काय म्हणावं हे मी महिनाभर शोधतो आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत: पोटचा, दत्तक घेतलेला, विकत घेतलेला, टाकून दिलेला आणि सापडलेला, इतकंच काय, 'मी तुमचा' म्हणून आपण होऊन दारात उभा राहिलेला. एवढी बारकाईनं यादी करणाऱ्या माणसांना 'दोन वर्षं जीव लावून सांभाळायचा आणि परत द्यायचा' हा तेरावा प्रकार सुचला नाही. इंग्रजीत त्याला 'फॉस्टर' म्हणतात. हा शब्द आवडाबाईंना सांगितला, तर त्या म्हणाल्या, "फास्टर तर फास्टर, पर जेवायला काय घालत्याल तिथं?"

आवडाबाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या. त्यांचे यजमान आप्पासाहेब. चाळीस वर्षं लासूर स्टेशनच्या यार्डात धान्याची आणि कांद्याची आडत केली आणि आता मुलाकडे राहायला आले आहेत. यार्ड सुटला पण आवाज सुटला नाही. आमची बातमी कळताच जिना चढून आले आणि म्हणाले, "गुर्जी, पोरंच सांभाळायची तर आफ्रिका कशाला? लासूरला चला, पाय ठेवू तिथं पोरं दावतो." मुद्दा चोख होता. उत्तर उमेनं दिलं. तुला ठाऊक आहे, तिनं तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. गेली सहा वर्षं दर रविवारी ती हर्सूलकडच्या एका बालगृहात जाते आणि मला सोबत नेते. तिथं रविवारी तीन ते पाच काका-काकू होण्याची सोय आहे. पाच वाजता घंटा होते आणि काका-काकूंनी चपला घालायच्या. उमा म्हणाली, "आप्पासाहेब, मला चपला घालायचा कंटाळा आलाय. जिथं राहू देतील तिथं जायचंय." जिना उतरताना आप्पासाहेब एवढंच म्हणाले, "थंडी असंल तर कांबळं न्या."

तेव्हा हेही उघड करून टाकतो की निवड उमेची आहे. तिच्या नावापुढे पदव्या, अनुभव, प्रमाणपत्रं. माझ्या नावापुढच्या रकान्यात 'पात्रता' म्हणून मी 'व्याकरण' लिहिलं होतं. तिनं ते खोडून 'स्वयंपाक येतो' असं लिहिलं. तो येत नव्हता, म्हणून आता शिकतो आहे. तिकडे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा हे रोजचं अन्न, ते भाजीशी खातात. मी तो चार वेळा केला. पहिल्या वेळी पातेलं टाकावं लागलं. चौथ्या वेळी आप्पासाहेबांना चाखायला दिला, तर म्हणाले, "घाटाच हाय की ह्यो. मीठ इसरलं तुमी."

अर्ज एक्केचाळीस पानांचा. त्यात आधी गावाच्या नावानं घोळ घातला. माझा जन्मदाखला, उमेची नर्सिंगची पदवी आणि घराचा जुना कागद यांवर औरंगाबाद. नवा आधार, विजेचं बिल आणि पोलीस पडताळणी यांवर छत्रपती संभाजीनगर. संस्थेच्या परदेशातल्या कार्यालयातून सविनय विचारणा आली: आपण औरंगाबाद कोणत्या साली सोडलंत, स्थलांतराचं कारण काय, आणि त्या शहराच्या पोलिसांचाही दाखला जोडाल का? मी उत्तर लिहिलं की आम्ही पंचावन्न वर्षं एकाच खुर्चीत बसलो आहोत, गाव बदललं ते आमच्याभोवती. उमेनं ते पाठवू दिलं नाही. तिनं राजपत्राची प्रत जोडून चार ओळींत समजावलं. (तरी पुढच्या पत्रात 'आपल्या दोन्ही शहरांना शुभेच्छा' असं आलंच.)

बाविसाव्या पानावर एक प्रश्न होता: आपल्याला मूल नाही; त्याचं दुःख आपण कसं हाताळलंत? खाली अर्धं पान कोरं. मी 'लागू नाही' असं लिहून पुढे गेलो. उमेनं तिच्या प्रतीत ते अर्धं पान भरलं आणि मागची बाजूही भरली. मला वाचायला दिलं नाही. मी मागितलंही नाही.

मग प्रशिक्षण. बारा धडे, संगणकावर, दर शनिवारी. आत्या, मुलांशी कसं वागावं याबद्दल मी एकतीस वर्षं जे जे केलं त्या सगळ्याला तिथं स्वतंत्र धडा आहे, आणि त्याचं शीर्षक 'हे टाळा' असं आहे. 'रडू नको' म्हणायचं नाही. 'शहाणा मुलगा' म्हणायचं नाही. आणि मुलाशी बोलताना उभं राहून बोलायचं नाही, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं. या शेवटच्या धड्याचा सराव मी आप्पासाहेबांच्या नातीवर केला. तिचं नाव प्रेरणा, वय पाच, उंची साधारण आपल्या जुन्या रांजणाएवढी. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि धड्यात होतं तसं विचारलं, "तुला आज कसं वाटतंय?" ती म्हणाली, "कशाला?" मी उत्तर शोधतो आहे तोवर गुडघ्यात काहीतरी कट्ट झालं आणि मी तसाच राहिलो. वर येईना, खाली जाईना. प्रेरणानं थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे हाक मारली, "आज्जी, सर अडकले." डोळ्यांच्या उंचीवर मी एकूण अकरा मिनिटं होतो. त्या अकरा मिनिटांत तिनं मला आपल्या सगळ्या बाहुल्यांची नावं सांगितली, तेव्हा धडा चुकीचा आहे असं म्हणता येत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांचं सांगतो. सहा नंबरच्या घरात तीन भावंडं आहेत. मंजुरी मिळेपर्यंत संस्था नावं कळवत नाही, म्हणून आम्ही घरात त्यांना थोरली, मधला आणि धाकटा म्हणतो. थोरली दहा वर्षांची. धाकटा चारचा, त्याला ती दुसऱ्या कुणाच्या हातून जेवू देत नाही. मधला सात वर्षांचा. त्याच्याबद्दल फाईलमध्ये एकच ओळ आहे: वर्ष झालं, तो आपले कपडे कपाटात ठेवत नाही, पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवतो, आणि शाळेतून आल्यावर ती आहे ना ते बघतो. ही ओळ वाचून उमा उठली आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसली. त्या घरातलं आधीचं जोडपं मुदत संपून गेलं आहे, सध्या एक तात्पुरत्या बाई येऊन-जाऊन असतात. या महिन्याच्या पंचवीस तारखेला समितीची बैठक आहे. तोवर नवं जोडपं ठरलं नाही तर सहा नंबरचं घर बंद होणार. थोरली एका घरात आणि मुलगे दुसऱ्या घरात. आत्या, मी फारसा हट्टी माणूस नाही. लग्नातसुद्धा सूट कोणत्या रंगाचा हे मी दुसऱ्यांना ठरवू दिलं. (फोटो आहेत तुझ्याकडे.) पण ही तिघं वेगळी होऊ द्यायची नाहीत, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे, आणि गुडघा कसाही असो, त्यात बदल नाही.

शेवटची पायरी म्हणजे घरभेट. संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयातून तनुजा नावाच्या बाई यायच्या होत्या. वय तिशीचं, बोलणं मऊ, हातात टॅब. त्यांनी आधीच कळवलं होतं: काही तयारी करू नका, नेहमीचा दिवस असू द्या, आम्हाला तुमचं घर जसं आहे तसं बघायचं आहे. चूक माझी, हा निरोप मी जिन्यात मोठ्यानं वाचला. आपल्याकडे घर बघायला परकं माणूस येणार म्हटलं की काय करायचं याची एकच पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती सोयरिकीची. रविवारी सकाळी नऊ वाजता आवडाबाई पोह्यांची परात घेऊन वर आल्या. आमचे पडदे उतरवले, त्यांचे लावले. टेबलावरची माझी पुस्तकं पलंगाखाली गेली ("लई पुस्तकं दिसली की मानूस कामाचा वाटत नाय"). उमेला पैठणी नेसवून आत बसवलं. आप्पासाहेब फेटा बांधून सोफ्याच्या मधोमध बसले आणि मला बाजूला वेताच्या मोड्यावर बसवलं. मी मुलगा होतो, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

तनुजाबाई आल्या. दारातच त्यांना हळदीकुंकू झालं, नारळ झाला. त्यांनी टॅब उघडण्याआधी आप्पासाहेबांनी सुरुवात केली, "मुलगा निर्व्यसनी हाय. सुपारीसुदिक खात नाय. बाकी डोकं जरा पुस्तकी, पर सोभाव गरीब." तनुजाबाईंनी विचारलं की तुमचं यांच्याशी नातं काय? आप्पासाहेब म्हणाले, "आता आमीच की. दुसरं कोन हाय त्यांना हितं?" पुढचा प्रश्न, नवरा-बायकोत भांडणं होतात का. आवडाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कद्धी नाय. आवाज सुदिक येत नाय वरून." तेवढ्यात उमा पैठणी सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "होतात. आज सकाळीच झालं. हे पडदे आमचे नाहीत." तनुजाबाईंनी पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. समजा, मूल तीन महिने तुमच्याशी बोललंच नाही तर? मी म्हटलं, मी नववीच्या वर्गाला संस्कृत शिकवलं आहे. समोरचा वर्षभर बोलत नाही याची मला सवय आहे, शिकवत राहायचं. त्या हसल्या. मला वाटलं, जमलं. आणि त्याच भरात त्यांनी अर्जातला जुना प्रश्न पुन्हा विचारला: लहानपणी आईवडिलांपासून कधी वेगळे राहिला होतात का? मी अर्जात 'नाही' लिहिलं होतं, तोंडानंही 'नाही' म्हणालो. आप्पासाहेबांना ते राहवलं नाही. मुलाचा एक गुण सांगायचा राहून जातोय असं त्यांना वाटलं. "नाय कसं? वैजापूरला आत्याकडंच वाढला की ह्यो. तीन वर्सं. त्या वैजापूरचं सांगून सांगून आमचं डोकं खाल्लं यानं."

तनुजाबाई म्हणाल्या, "सर?" मी म्हटलं, "ते वेगळं राहणं नव्हतं. आत्याकडे होतो."

"म्हणजे आईवडीलही तिथंच होते?"

"नाही. आई सॅनेटोरियममध्ये होती. बाबा इथं नोकरीला."

"तुम्ही किती वर्षांचे होतात?"

"सहा ते नऊ."

"मग ते वेगळं राहणंच झालं ना?"

"नाही हो. आत्याकडे होतो."

हे आम्ही आणखी दोनदा केलं. मला खरोखर समजत नव्हतं की या बाई काय विचारताहेत, आणि त्यांना समजत नव्हतं की मी काय लपवतो आहे. आवडाबाईंनी माझ्या बाजूनं मध्ये पडून सांगितलं की त्यांचीही दोन पोरं मामाकडे होती, त्यात काय विशेष. शेवटी तनुजाबाईंनी टॅब मांडीवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "सर, याला आमच्याकडे फॉस्टर केअर म्हणतात. तुम्ही तीन वर्षं त्यात होतात." आत्या, मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या शब्दाचे बारा धडे मी टिपणं काढून शिकलो, आणि तोच शब्द मी तुझ्या घरी भाकरी कुस्करून खाल्लेला आहे हे मला पंचावन्नाव्या वर्षी, आप्पासाहेबांच्या फेट्यासमोर, मोड्यावर बसून कळलं. मग त्यांनी विचारलं, "आणि परत घरी जाताना कसं वाटलं?" मी म्हटलं, "एसटीनं गेलो."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. पोहे गार झाले. निघताना आप्पासाहेबांनी रीतसर विचारलं, मग कधी कळवताय. त्या म्हणाल्या, घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण एक कागद कमी आहे. तो आला की मी शिफारस करते, नाही आला तर मला 'माहिती अपूर्ण' असं लिहावं लागेल. आप्पासाहेबांना ते देण्याघेण्यासारखं वाटलं. त्यांनी खाली उतरल्यावर मला धीर दिला, "मिळंल कागद. न्हाय तर माझं यार्डाचं लायसन लावा."

असो. पत्र लांबलं. सुदर्शनदादाला आणि वहिनीला नमस्कार (ओट्याबाबत मी तिच्या बाजूनं आहे, हे गुप्त ठेवणे), आणि तुझी तब्येत सांभाळ. गुडघ्याला मी तिळाचं तेल लावतो आहे. उमेचा तुला वाकून नमस्कार. तिचे गुडघे चांगले आहेत.

तुझा,
सदाशिव

ता. क. आम्ही गेलो तर घराची किल्ली आप्पासाहेबांकडे राहील. त्यांनी आमच्या हॉलची लांबी-रुंदी मोजून नेली आहे आणि वारा कुठून येतो तेही विचारलं आहे. दोन वर्षं तिथं कांदा राहणार असं दिसतं. तू इकडे आलीस तर सांभाळून बस.

आणखी ता. क. तो कमी असलेला कागद तुझा आहे. ज्यांच्याकडे मी लहानपणी राहिलो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की मी कसा आलो, कसा राहिलो आणि कसा गेलो. मराठीत चालेल, भाषांतर तनुजाबाई करतील. वीस तारखेपर्यंत त्यांच्या हाती पडायला हवं, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. खरं ते लिही. पहिला महिनाभर मी कुणाशी बोललो नाही असं सुदर्शनदादा म्हणतो. मला ते आठवत नाही. अंथरूण ओलं करायचो ते आठवतं, तेही लिही. 'मुलगा गुणी होता' एवढंच लिहिलंस तर त्यांना ते खरं वाटायचं नाही, आप्पासाहेबांनी त्या वाक्याचा पार वापर करून टाकला आहे. आणि आत्या, हे टाळू नकोस. तुझ्या या कागदावाचून ती तीन भावंडं दोन घरांत जातील.

शेवटचं. तनुजाबाईंना मी एसटीनं गेलो एवढंच सांगितलं. बाबा मला न्यायला आले त्या दिवशी तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. आतोबांनी मला स्टँडवर नेलं, गाडीत बसवलं, आणि गाडी सुटेपर्यंत मी तू येशील म्हणून रस्त्याकडे बघत होतो. घरी आल्यावर कितीतरी दिवस मी आईला चुकून 'आत्या' म्हणायचो आणि ती काही न बोलता 'ओ' द्यायची. त्या दिवाळीला तू आलीस तेव्हा मी तुझ्याजवळ आलो नाही. तुला वाटलं मला ताप आहे, तू कपाळाला हात लावून बघितलास. ताप नव्हता. मी तुझ्यावर रागावलो होतो, आणि कॉलेजात जाईपर्यंत रागावलेला होतो. तुला हे कधी सांगितलं नाही. तू बाहेर का आली नाहीस ते आता थोडं कळतंय असं वाटतं; चुकत असेन तर त्या कागदात नाही, मला वेगळं लिही. परक्या देशाची, आजारांची, स्वयंपाकाची मला काळजी नाही, ते सगळं उमा आणि मी निभावू. दोन वर्षांनी त्या मुलांची मावशी नाहीतर काका त्यांना न्यायला येईल. तेव्हा मी दारापर्यंत गेलो काय आणि आत बसलो काय, तो मधला माझ्यावर तसाच रागावेल, आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघायला मी तिथं नसेन. मला भीती वाटते ती याची.